फाटक्या नोटा बदलताना : तुकडे आधी नीट लावा, मग बँकेत जा

फाटकी नोट कमिशन कापणाऱ्याच्या हाती देऊ नका. तो ती कमी पैशांत घेतो आणि शेवटी बँकेतूनच बदलून घेतो. तेच काम तुम्ही स्वतः करू शकता. त्यासाठी त्या शाखेत तुमचं खातं असण्याचीही अट नाही.

आधी नोटा वेगळ्या करा. वापरून मळलेली किंवा पेनाने खरडलेली नोट एका बाजूला. दोनच तुकडे झालेली, पण काहीही न हरवलेली नोटही चिकटवून याच गठ्ठ्यात घाला. तिची पूर्ण किंमत मिळते. अशा २० नोटांपर्यंत, एकूण ५,००० रुपयांच्या आत, एका दिवसात काउंटरवर फुकट बदलून मिळतात. यात अवघड काही नाही.

अवघड आहे तो दुसरा गठ्ठा : वाळवीने खाल्लेल्या, उंदराने कुरतडलेल्या, मधलाच भाग गेलेल्या नोटा. ठाण्यातल्या जुन्या चाळींत आणि तळमजल्याच्या घरांत लाकडी कपाटाला वाळवी लागली की हा गठ्ठा हमखास निघतो. मला सर्वांत जास्त झगडावं लागलं ते इथेच, कारण ‘नंबर दिसला की झालं’ हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो आणि तो चुकीचा आहे. पैसे नंबरावर ठरत नाहीत. नोटेचा सर्वांत मोठा एकसंध तुकडा किती क्षेत्रफळाचा आहे, यावर ते ठरतात.

रिझर्व्ह बँकेच्या नोट परताव्याच्या २००९ च्या नियमांत २०१८ मध्ये दुरुस्ती झाली, तिचा हिशोब असा. ५० रुपये आणि त्यावरच्या नोटेचा तो तुकडा ८० टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण किंमत, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मी, आणि ४० टक्क्यांच्या खाली काहीच नाही. २० आणि त्याखालच्या नोटांना निम्म्याची सोय नाही : तुकडा अर्ध्याहून मोठा असेल तर पूर्ण पैसे, नाहीतर शून्य.

हे घरीच मोजून घ्या. मुलांच्या वहीतला आलेखाचा कागद घ्या, तुकडा त्यावर ठेवा, कडेने पेन्सिल फिरवा आणि चौरस मोजा. सध्याची ५०० ची नोट १५ बाय ६.६ सेंटीमीटर, म्हणजे ९९ चौरस सेंटीमीटर. तुकडा ८० चौरस सेंटीमीटर भरला तर पाचशे, ४० भरला तर अडीचशे. जांभळट १०० च्या नोटेसाठी हेच आकडे ७५ आणि ३८, तर २०० च्या नोटेसाठी ७८ आणि ३९. आकडा आधीच माहीत असला की काउंटरवर आपण गोंधळत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं : कपाटातला भुगा झाडून टाकू नका. ५० किंवा त्यावरच्या नोटेची मधली पट्टी वाळवीने खाल्ली आणि दोन्ही टोकं उरली, तर त्या एकाच नोटेचे दोन्ही तुकडे प्रत्येकी ४० टक्के किंवा जास्त भरल्यास पूर्ण किंमत मिळते. एकच टोक घेऊन गेलात तर निम्मीच. म्हणून भुगा वर्तमानपत्रावर पसरा आणि चिमट्याने एकेक तुकडा वेचा. नव्या छापाच्या नोटेचा नंबर समोरच्या बाजूला वर डावीकडे आणि खाली उजवीकडे, असा दोनदा छापलेला असतो. त्यावरून जोड्या लागतात. ही जोडी अंदाजाने लावायची नाही. एका नोटेचं डोकं दुसऱ्या नोटेच्या धडाला जोडलेलं निघालं, तर दावा फेटाळला जातो.

या गठ्ठ्याला चिकटपट्टी लावू नका, असं माझं ठाम मत आहे. पट्टीने जोडलेले दोन तुकडे एकसंध धरत नाहीत आणि खालच्या कडा मात्र झाकल्या जातात. प्रत्येक नोटेचे तुकडे वेगळ्या पारदर्शक पिशवीत ठेवा. कात्रीने कडा सारख्या करणं तर अजिबात नको. नोट मुद्दाम कापली आहे असं अधिकाऱ्याला वाटलं तर दमडी मिळणार नाही. घोषणा किंवा राजकीय मजकूर लिहिलेल्या नोटेचंही तेच.

अशा पाच नोटांपर्यंत कुठल्याही शाखेत जा. तिथे निर्णय होत नसेल तर पावती घ्या. शाखा नोटा करन्सी चेस्टच्या, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या वतीने नोटांचा साठा ठेवणाऱ्या शाखेकडे पाठवते आणि पैसे ३० दिवसांत खात्यात जमा व्हायला हवेत. जास्त नोटा असतील तर थेट चेस्टच्या शाखेत जा. सोबत आधार आणि पासबुक ठेवा. ‘आमच्याकडे होत नाही’ असं कोणी म्हटलं तर मागे फिरू नका. फाटक्या नोटा इथे बदलून मिळतात, असा फलक लावणं शाखेला बंधनकारक आहे. त्याची आठवण देऊन शाखा व्यवस्थापकाला भेटा, तरीही नकार आला तर लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

जळून कोळसा झालेल्या, हात लावताच तुटणाऱ्या किंवा पुराच्या पाण्यात भिजून वीट झालेल्या नोटा शाखा घेत नाही. त्यासाठी नवी मुंबईतल्या बेलापूरचं रिझर्व्ह बँकेचं कार्यालय, सीबीडी, सेक्टर १०. ठाण्याहून पनवेलची लोकल पकडली की गाडी न बदलता बेलापूरला उतरता येतं. सकाळीच पोहोचा. भिजलेला गठ्ठा सावलीत वाळवा. इस्त्री फिरवू नका, नखाने सोलू नका. सुटत नसेल तर तसाच डब्यात घालून न्या. तो सोडवण्याची आणि तपासण्याची वेगळी पद्धत तिथे आहे.

कपाटात २,००० ची नोट सापडली तर तीही बेलापूरलाच. ऑक्टोबर २०२३ पासून बँका ती घेत नाहीत. २०१६ मध्ये रद्द झालेल्या ५०० आणि १,००० च्या नोटांचं मात्र आता काहीच होत नाही, बदलून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

नाण्यांचं सोपं आहे. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. ५० पैशांची आणि दहा रुपयांची सगळ्या छापांची नाणी चालतात, बँकेने ती घेतलीच पाहिजेत. शंभर-शंभर नाणी मोजून प्लास्टिकच्या पिशवीत भरून न्या.