गिनेस घालून चिकन स्ट्यू, कडू न होऊ देता

आयर्लंडमधे काळी बिअर घालून स्ट्यू करतात तो मुख्यतः बीफचा, दोन-अडीच तास मंद आचेवर ठेवलेला. आम्ही डब्लिनला राहतो, घरी बीफ होत नाही म्हणून मी तोच चिकनचा करायला घेतला आणि पहिल्या दोन्ही वेळेला कडूजहर झाला. कारण साधं आहे, गिनेस या काळ्या बिअरमधे काळी होईपर्यंत भाजलेली बार्ली असते, तिचा आणि हॉप्सचा (बिअरमधे घालतात ती कडवट फुलं) कडवटपणा बिअर आटली की आणखी वाढतो, आणि बीफच्या चरबीत तो जसा जिरतो तसा चिकनमधे जिरत नाही. त्यामुळे चिकनला बिअर कमी, वेळ कमी आणि कांदा भरपूर.

चौघांसाठी १ किलो चिकन थाय (मांडीचे तुकडे) घ्या, हाडासकट आणि कातडीसकट (ब्रेस्ट नकोच, चोथा होतो). ३ मोठे कांदे, ३ गाजरं, सेलरीचे २ दांडे, २५० ग्रॅम मशरूम, ४ बटाटे, लसणाच्या ४ पाकळ्या, १ चमचा टोमॅटो पेस्ट, २ चमचे मैदा, तमालपत्र, थाइम, ३०० मिली गिनेस आणि तेवढाच चिकन स्टॉक. बिअर साधी गिनेस ड्राफ्ट घ्या, ४.२ टक्के अल्कोहोलवाली, गिनेसचीच फॉरेन एक्स्ट्रा ७.५ टक्क्यांची असते आणि तिच्यात हॉप्सही जास्त. कॅन आधीच उघडून भांड्यात ओतून ठेवा, कारण आत नायट्रोजन असतो, फेस बसल्याशिवाय माप नीट कळत नाही.

चिकन अगदी कोरडं पुसा, मीठ-मिरपूड लावा, जाड बुडाच्या पातेल्यात थोडं तेल घालून कातडी खाली करून ठेवा आणि ८-१० मिनिटं हात लावू नका. कातडी खरपूस झाली की तुकडा आपोआप सुटतो, ओढावा लागला तर अजून झालेलं नाही. मग चिकन काढून त्याच चरबीत मशरूम परतून बाजूला ठेवा.

आता कांदा, आणि इथे घाई करायची नाही. पातळ उभा चिरलेला कांदा मध्यम आचेवर १५ मिनिटं तरी, चांगला तांबूस आणि मऊ होईपर्यंत, कारण बिअरचा कडूपणा मारायला हाच गोडवा लागतो. त्यावर लसूण, टोमॅटो पेस्ट, मैदा घालून २ मिनिटं परता, मग बिअर ओता आणि लाकडी उलथन्याने तळाला चिकटलेलं सगळं खरवडून काढा, सगळी चव तिथेच असते. बिअर एकटी आटवत बसू नका, एक उकळी आली की लगेच स्टॉक घाला.

गाजर, सेलरी, तमालपत्र, थाइम आणि चिकन घालून झाकण ठेवा आणि एकदम मंद आचेवर २० मिनिटं, वर एखाद-दुसरा बुडबुडा आला तरी पुरे. कुकर लावायचा मोह होतो पण लावू नका, मांस हाडावरून गळून पडतं आणि रस्सा पाणचट राहतो. मग बटाट्याचे मोठे तुकडे आणि मशरूम टाकून आणखी २५ मिनिटं, शेवटची १० झाकण काढून.

आता चव बघा. कडू लागला तर सुपारीएवढा गूळ घाला, हे आमच्या शेजारच्या आयरिश आजींनी साखर घालून दाखवलं होतं, गुळाने मला जास्त आवडतं. रस्सा पातळ वाटला तर बेल्जियममधे फ्लेमिश लोक करतात ते करा, ब्रेडच्या स्लाइसला मस्टर्ड चोपडून रश्श्यावर पालथी ठेवायची, १० मिनिटांत विरघळून रस्सा छान दाट होतो. गरम मसाला मात्र प्लीज नको.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, अल्कोहोल सगळं उडून जातं असं म्हणतात ते खरं नाही, तासभर शिजवलं तरी साधारण पाव हिस्सा राहतो. मुलं किंवा गरोदर बाई जेवायला असेल तर त्यांच्यासाठी नुसत्या स्टॉकमधलं वेगळं पातेलं करा.

सोबत सोडा ब्रेड (यीस्टऐवजी खायचा सोडा घालून केलेला) घ्या, लोणी लावून. भात मी एकदाच केला होता, बटाटा असताना नको वाटतो.