ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा नव्हे! मानसशास्त्राचा पाया कच्चा ठेवणाऱ्या या चुका टाळा

कोल्हापुरात राजारामपुरीत संध्याकाळी मी बी.ए. आणि एम.ए.च्या मुलांना मानसशास्त्र शिकवते. दरवर्षी मुलं नवी असतात, पण अध्ययन, भावना आणि प्रेरणा या तीन प्रकरणांतल्या चुका मात्र त्याच. मेंदूची रचना किंवा संख्याशास्त्र आलं की मुलं घाबरून का होईना, नीट वाचतात. इथे शब्द सगळे रोजचे असतात. शिक्षा, बक्षीस, भीती, गरज हे तर आपल्याला माहीतच आहे, असं समजून पान उलटलं जातं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या नोट्स पाठ होतात आणि चूक पुढच्या बॅचकडे जाते.

सगळ्यात जास्त छळणारी चूक आधी घेते.

ऋण प्रबलन आणि शिक्षा एकच समजणं

एका वर्षी सराव परीक्षेत मी ऋण प्रबलनाचं रोजच्या जगण्यातलं एक उदाहरण विचारलं. गठ्ठ्यातल्या बहुतेक पेपरांत एकच वाक्य आलं आणि त्यातले शब्दही तेच होते: 'गृहपाठ न केल्यास शिक्षक छडी मारतात, हे ऋण प्रबलन होय.' सगळ्यांनी एकाच नोट्समधून उचललेलं. त्यातली एक मुलगी खरोखर अभ्यासू होती. मी पेपरवर लाल खूण केली, वर्गात समजावलंही. पण पाठ केलेलं वाक्य तिच्या डोक्यातून गेलं नाही. पुढे एका तोंडी परीक्षेत तिला हाच प्रश्न आला आणि तिच्या तोंडून तेच वाक्य बाहेर पडलं. परीक्षकांनी विचारलं, "मग शिक्षा म्हणजे काय?" तिच्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी ती थेट माझ्याकडे आली आणि दारातच रडली. "मॅडम, मला येत होतं की हो!" तिला येत नव्हतं, व्याख्या पाठ होती एवढंच. तेव्हापासून हा मुद्दा मी एका तासात उरकत नाही, तीन दिवस घेते.

बक्षीस-शिक्षेने वर्तन कसं बदलतं याचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या भाषेत धन आणि ऋण म्हणजे चांगलं आणि वाईट नव्हे. ती गणितातली अधिक-उणे चिन्हं आहेत. वर्तनानंतर काही आलं तर धन, काही गेलं किंवा थांबलं तर ऋण. आणि प्रबलन म्हटलं की वर्तन वाढलंच पाहिजे. गाडी सुरू केली, सीटबेल्ट लावला नाही म्हणून टुंग-टुंग वाजायला लागलं. बेल्ट लावला, आवाज थांबला. पुढच्या वेळी हात आपोआप बेल्टकडे जातो. त्रासदायक गोष्ट गेली आणि बेल्ट लावणं वाढलं, हे ऋण प्रबलन. यात कुणी कुणाला शिक्षा केलेली नाही.

आता उलटी बाजू. हेल्मेट नाही म्हणून चौकात पावती फाडली, खिशातले पैसे गेले आणि तेव्हापासून बिनहेल्मेटचं फिरणं कमी झालं, तर ती ऋण शिक्षा. इथेही काहीतरी गेलं, पण वर्तन घटलं.

मग छडीचं काय? आधी कुठल्या वर्तनाबद्दल बोलताय ते ठरवा. वर्गात गप्पा मारल्या, छडी बसली, गप्पा कमी झाल्या, तर ती धन शिक्षा. छडी बसूनही गप्पा तेवढ्याच राहिल्या, तर या शास्त्राच्या हिशेबाने तिला शिक्षासुद्धा म्हणता येत नाही, मग हात कितीही लाल होवो. आणि छडी चुकवायची म्हणून पोरगं रोज गृहपाठ करायला लागलं, तर गृहपाठ करणं वाढलं. त्या वर्तनापुरतं ते ऋण प्रबलनच. छडी तीच, पण वर्तन बदललं की नाव बदलतं. नोट्समधलं ते वाक्य फसतं ते इथेच, कारण कुठलं वर्तन वाढलं आणि कुठलं घटलं हे त्यात कुठेच नाही.

माझी सवय सांगते. वहीच्या पानावर तीन रकाने आखायचे: आधी काय होतं, केलं काय, नंतर काय झालं. मग दोनच प्रश्न. काही आलं की गेलं? वर्तन वाढलं की घटलं? रंकाळ्यावर संध्याकाळी अर्धा तास बसा. फुग्यासाठी हट्ट करणारी मुलं, कणसाच्या गाडीभोवती घुटमळणारी कुत्री, गाडीचा हॉर्न दाबत बसलेली माणसं, सगळं त्या तीन रकान्यांत लिहा. वीस नोंदी होईपर्यंत व्याख्येला हात लावू नका. "मॅडम, एवढा वेळ कुठाय?" असं दरवर्षी कुणीतरी म्हणतंच. मला त्या घाईचा राग येतो, आणि वाईटही वाटतं. अर्धा तास वाचवून वर्षभर चुकीचं लिहायचं, यात कसली बचत?

विलोपन म्हणजे दुर्लक्ष केलं की सवय सुटते, असं समजणं

विलोपन म्हणजे वर्तनाला मिळणारं प्रबलन थांबवून ते वर्तन कमी होऊ देणं. ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून जास्त लिहिते.

शिवाजी पेठेत आमच्या शेजारी एक चार वर्षांचा मुलगा होता. मोबाइल समोर असल्याशिवाय घास घ्यायचा नाही. त्याच्या आईने मला विचारलं आणि मी पुस्तकी उत्तर दिलं: रडलं तरी मोबाइल देऊ नका, प्रबलन थांबलं की वर्तन थांबेल. पहिल्या दिवशी तो अर्धा तास रडला. दुसऱ्या दिवशी आवाज दुप्पट, आणि आमटीची वाटी भिंतीवर. तिसऱ्या दिवशी त्याने श्वास कोंडून धरला. चौथ्या दिवशी आज्जींनी सरळ मोबाइल हातात दिला आणि मला दारात गाठून म्हणाल्या, "एवढ्या बारक्या पोराला कशाला रडवालाय? लेकरू उपाशी ऱ्हातंय. तुमचं शास्त्र ठेवा बाजूला."

आज्जींचं काही चुकलं नव्हतं, चुकलं माझं. प्रबलन थांबवलं की वर्तन सुरुवातीला कमी होण्याऐवजी बऱ्याचदा उसळी मारतं. लिफ्टचं बटण दाबून लिफ्ट आली नाही तर आपणही ते आणखी जोरात, चार-चारदा दाबतो. ही उसळी येऊ शकते हे मी घरच्यांना आधी सांगायला हवं होतं, आणि आज्जींना पहिल्या दिवसापासून सोबत घ्यायला हवं होतं. मी फक्त आईशी बोलले. घरात चार माणसं आणि नियम एकीलाच माहीत!

परिणाम आणखी वाईट झाला. आधी थोडं कुरकुरलं की मोबाइल मिळायचा. आता त्याला कळलं, वाटी फेकेपर्यंत आणि चार दिवस ताणलं की मिळतो. कधी मिळतं, कधी नाही, असं खंडित प्रबलन असलेलं वर्तन विलोपनाला जास्त चिवट असतं. फर्स्टर आणि स्किनर यांनी 1957 मध्ये प्रबलनाच्या वेळापत्रकांवर अख्खा ग्रंथ लिहिला, तो कबुतरं आणि उंदरांच्या हजारो नोंदींवर. आमच्या गल्लीत तोच धडा चार दिवसांत मिळाला.

आणि त्या घरात आणखी एक गोष्ट चालली होती. मोबाइल दिल्याबरोबर रडणं थांबायचं. म्हणजे मुलाच्या रडण्याला मोबाइलचं धन प्रबलन आणि मोठ्यांच्या मोबाइल देण्याला शांततेचं ऋण प्रबलन. दोघं एकमेकांना शिकवत होते. 'आईबाप लाडावतात' एवढं म्हणून सोडणाऱ्या विद्यार्थ्याला हा दुसरा भाग दिसतच नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही आज्जींपासून सुरुवात केली. जेवताना गोष्ट त्यांनी सांगायची, घास त्यांनीच भरवायचा, आणि रडणं वाढलं तर घाबरायचं नाही असं सगळ्यांचं ठरलं. रडणं नुसतं बंद करायचं नसतं, त्या जागी प्रबलन मिळेल असं दुसरं वर्तन उभं करायचं असतं. पंधरा दिवसांत तो नीट जेवायला लागला. मग एका सोमवारी, मधे कुणी मोबाइल दिलेला नसताना, त्याने पुन्हा ताट ढकललं. आई हबकली. हीच उत्स्फूर्त पुनःप्राप्ती, रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्हला कुत्र्यांत दिसलेली. विलोपनाने शिकलेलं पुसलं जात नाही, दबतं. त्या दिवशी कुणी बधलं नाही आणि मंगळवारी आज्जींची गोष्ट पुढे सुरू झाली.

तांबड्या रश्श्याचं उदाहरण देताना

अभिजात अभिसंधानाला, म्हणजे एका गोष्टीची दुसरीशी सांगड बसून तिलाही प्रतिसाद द्यायला शिकण्याला, कोल्हापूरची मुलं हमखास हेच उदाहरण देतात, आणि 'रश्श्याचा वास हा अनभिसंधित उद्दीपक', म्हणजे न शिकताच प्रतिसाद घडवणारी गोष्ट, असं लिहितात. ज्याने तांबडा-पांढरा कधी चाखलाच नाही, त्याच्या तोंडाला त्या वासाने तसं पाणी सुटेल का? पावलॉव्हच्या प्रयोगशाळेत केवळ दुधावर वाढवलेल्या पिल्लांना मांस दाखवलं, तर लाळ आली नाही. खायला दिल्यावरच पुढे नुसतं दिसलं तरी लाळ यायला लागली. म्हणजे तोंडातलं अन्न हा अनभिसंधित उद्दीपक. वास, रंग, खानावळीची पाटी हे सगळं शिकलेलं.

पावलॉव्हला 'मानसशास्त्रज्ञ' लिहू नका. तो शरीरक्रियाशास्त्रज्ञ होता आणि 1904 चं नोबेल त्याला पचनसंस्थेवरच्या कामासाठी मिळालं. प्रयोगांत फक्त घंटाच नव्हती, मेट्रोनोमही होता.

आणखी एक. 'उद्दीपकांची जोडी पुष्कळ वेळा, लगोलग आली तरच अभिसंधान होतं' हे सरसकट लिहू नका. गार्सिया आणि कोलिंग यांनी 1966 मध्ये दाखवलं की उंदीर चवीची सांगड मळमळीशी सहज घालतो, पण आवाज-उजेडाची घालत नाही. चव आणि आजारपण यांत काही तासांचं अंतर असलं तरी एका अनुभवात नावड बसू शकते. भेळ खाल्ली, रात्री उलट्या झाल्या, कारण दुसरंच होतं, तरी पुढे वर्षभर भेळेकडे बघवत नाही. हे प्रत्येकाच्या घरात घडलेलं असतं, फक्त उत्तरपत्रिकेत येत नाही.

दिसलं नाही म्हणजे शिकलं नाही?

तालमीत हौद्याच्या कडेला बसणारं पोरगं बघा. महिनोन्महिने मोठ्यांचे डाव बघतं, स्वतः काही करत नाही. एक दिवस अंगावर आलं की ढाक मारून मोकळं होतं. ते त्या दिवशी शिकलं का? टॉलमन आणि हॉन्झिक यांनी 1930 मध्ये उंदरांच्या एका गटाला दहा दिवस चक्रव्यूहात अन्नाशिवाय फिरू दिलं. अकराव्या दिवसापासून अन्न ठेवलं, तर पुढच्याच दिवशी त्यांच्या चुका रोज अन्न मिळणाऱ्या उंदरांइतक्या खाली आल्या. शिकणं आणि करून दाखवणं वेगळं. प्रबलन कधीकधी फक्त दुसऱ्यासाठी लागतं.

भावनांचे सिद्धांत नावांच्या क्रमाने पाठ करणं

पुस्तकात अस्वल असतं, आपण दाजीपूरच्या रस्त्यावर गवा घेऊ. समोर गवा आला. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स म्हणतो, छाती धडधडली, पाय पळाले आणि शरीरातल्या त्या बदलांची जाणीव म्हणजेच भीती. कॅननने 1927 मध्ये हरकत घेतली: राग असो वा भीती, आतल्या अवयवांतले बदल बरेचसे सारखे आणि संथ असतात, मग भावना वेगळ्या आणि चटकन कशा येतात? म्हणून कॅनन-बार्ड म्हणतात, जाणीव आणि शारीरिक बदल बरोबरच होतात. शॅक्टर-सिंगर 1962 मध्ये म्हणाले, धडधड हवीच, पण ती कशामुळे हा अर्थ आपण परिस्थितीवरून लावतो. एकाच गव्यावर तिन्ही सिद्धांत चालवून बघा, क्रम आपोआप लक्षात राहतो.

बक्षीस आणि गरजा

पान वाचलं की दहा रुपये, असं करणारे पालक मला पुष्कळ भेटतात. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी 1973 मध्ये बालवाडीतल्या, चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. ज्यांना 'चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र' असं आधी सांगितलं, ती मुलं नंतर मोकळ्या वेळात इतरांपेक्षा कमी चित्रं काढू लागली. ज्यांना अचानक बक्षीस मिळालं, त्यांची आवड घटली नाही. म्हणून 'बक्षिसाने आंतरिक प्रेरणा मरते' एवढंच लिहिणं अर्धवट आहे. आवड आधीपासून होती का आणि बक्षीस आधी कबूल केलं होतं का, हे दोन्ही लिहा.

माणसाच्या गरजा खालून वर पायऱ्यांत मांडणाऱ्या मॅस्लोच्या 1943 च्या लेखात त्रिकोण नाही, तो नंतर इतरांनी काढला. आणि गरजांचा क्रम पक्का नसतो, हे मॅस्लोने स्वतःच लिहून ठेवलंय. ऑगस्ट 2019 च्या महापुरात स्वतःचं घर पाण्यात असताना दुसऱ्यांना नावेतून काढणारी माणसं या शहराने पाहिली आहेत. खालची पायरी पूर्ण झाल्याशिवाय वरची नाही, असं लिहिण्याआधी ती आठवा.

ताण मध्यम असला की काम सगळ्यात चांगलं होतं, असा नियम ज्यांच्या नावाने सांगतात त्या यर्क्स-डॉडसनचा 1908 चा प्रयोग उंदरांवर आणि विजेच्या धक्क्यांवर होता, परीक्षेच्या ताणावर नव्हे. काम अवघड असेल तर सौम्य धक्काच बरा, हा त्यातला मुख्य भाग मुलं गाळतात.

अल्बर्टची भीती वॉटसनने घालवली, असं लिहिणं

वॉटसन आणि रेनर यांनी 1920 मध्ये बाळ अल्बर्टला पांढऱ्या उंदराची भीती शिकवली, घालवली नाही. ते काम 1924 मध्ये मेरी कव्हर जोन्सने पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलावर केलं. तो सशाला घाबरायचा. तो खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा आणि दर वेळी थोडा जवळ आणायचा. घाई केली तर उलटं होऊन खाण्याचीच भीती बसेल, हा धोका तिने ओळखला होता. शेवटी पीटरने सशाला आपली बोटं कुरतडू दिली.