कर्नल थ्रेड सुरू होतो, पण थांबतो का? या चुका टाळा

महाप्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये एका सेन्सरचा लिनक्स ड्रायव्हर दिवसभर नीट चालला. सेन्सरचा डेटा वाचायला त्यात एक कर्नल थ्रेड होता, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) स्वतंत्रपणे चालणारं काम. संध्याकाळी कुणीतरी सेन्सरची वायर काढली, मी ड्रायव्हर उतरवायला 'आरएममॉड' ही कमांड दिली आणि प्रॉम्प्ट परत आलाच नाही. चालू प्रोसेस बघायला दुसऱ्या टर्मिनलवर 'पीएस' मारलं. चौकोनी कंसात आमचा थ्रेड 'एस' (साध्या झोपेच्या) अवस्थेत झोपलेला, आरएममॉड 'डी'मध्ये (सिग्नलने न मोडणाऱ्या झोपेत) अडकलेलं. प्रोसेस जबरदस्तीने मारणाऱ्या 'किल -९'चा उपयोग शून्य. थोड्या वेळाने कन्सोलवर '१२० सेकंदांपेक्षा जास्त अडकलंय' असा इशारा आला. तो देणारा 'खंगटास्कडी'सुद्धा कर्नल थ्रेडच.

चूक एका ओळीत होती. उतरताना ड्रायव्हर थ्रेड थांबवायला 'केथ्रेड_स्टॉप' हा कॉल करतो, पण हा कॉल थ्रेडला जबरदस्तीने मारत नाही. तो 'थांब' अशी खूण करतो, थ्रेडला उठवतो आणि थ्रेड बाहेर पडेपर्यंत वाट बघतो. आमचा थ्रेड उठायचा, डेटा आलाय का बघायचा, नाही म्हणून परत झोपायचा. डेटा येत असताना लूपच्या सुरुवातीची 'थांबायची खूण आलीय का' ही तपासणी त्याला बाहेर काढायची, म्हणून दिवसा काही कळलं नाही. झोपण्याच्या अटीतच 'किंवा केथ्रेड_शुड_स्टॉप' (म्हणजे हीच तपासणी) घातलं आणि काम झालं.

याच्या उलट चूक मला जास्त धोकादायक वाटते. थ्रेडचं फंक्शन एरर आल्यावर आपणहून संपतं, आणि ड्रायव्हर नंतर त्या थ्रेडच्या जुन्याच पॉइंटरवर (मेमरीतल्या पत्त्यावर) केथ्रेड_स्टॉप करतो. तोवर ती मेमरी सोडून दिलेली असू शकते. एरर आली तरी थांबण्याची खूण मिळेपर्यंत थ्रेडला झोपवून ठेवा, किंवा आधीच 'गेट_टास्क_स्ट्रक्ट'ने थ्रेडचा संदर्भ धरून ठेवा, म्हणजे ती मेमरी सुटणार नाही.

थ्रेड बनवणाऱ्या 'केथ्रेड_क्रिएट'नंतर थ्रेड चालू का होत नाही, हे नवीन मुलं हमखास विचारतात. ही मागणी पीआयडी (प्रोसेस क्रमांक) २ असलेल्या 'केथ्रेडडी' या कर्नल थ्रेडकडे जाते. तोच थ्रेड जन्माला घालतो, म्हणून मॉड्यूल (इथे ड्रायव्हर) चढवणाऱ्या प्रोसेसचं काही त्याला चिकटत नाही. पण उठवायचं काम आपलं. दोन्ही एकदम हवं तर 'केथ्रेड_रन' वापरा. उत्तर मात्र 'इज_एर'ने तपासा. इथे अपयश नल (रिकामा पॉइंटर) म्हणून येत नाही.

अधूनमधून छोटंसं काम असेल, तर थ्रेडऐवजी वर्कक्यू (कर्नलच्या तयार थ्रेडकडे काम सोपवणारी रांग) घ्या.

आता आमच्याकडे प्रत्येक ड्रायव्हरची पहिली चाचणी वायर काढून होते: चढवा, उतरवा, शंभर वेळा.