रव्याचे छोटे मफिन, सगळ्यांना एकाच वेळी गरम

रविवारी उशिराच्या न्याहारीला आठ-दहा जण जमले की धिरडी घालणारी बाई तव्यापाशीच अडकते. त्यापेक्षा हे करा.

1. बारीक रवा 1 वाटी, दही 1 वाटी, पाणी अर्धी वाटी, तेल 2 चमचे कालवून 20 मिनिटं झाकून ठेवा. मीठ बेतानं, नंतर घालायचं फ्रूट सॉल्टही (इनोसारखं) खारट असतं.

2. किसून पिळलेलं गाजर, मिरची, कोथिंबीर घाला.

3. ओव्हन 180 अंशांवर तापला की मगच 1 लहान चमचा फ्रूट सॉल्ट घालून हलकं ढवळा. तेल लावलेले छोटे साचे पाऊण भरा, वर तीळ. 15-18 मिनिटांत कडा सोनेरी होऊन साच्यापासून सुटतात.

साचे पुण्यात तुळशीबागेच्या बाजारात मिळतात.

फ्रूट सॉल्ट घातलेलं पीठ मात्र ताटकळत ठेवू नका. मफिन फुगत नाहीत, गच्च होतात.