फूट-इंच आणि सेंटिमीटर एकत्र वापरताना या चुका टाळा

मोजपट्टीच्या एका कडेवर इंच आणि दुसऱ्या कडेवर सेंटिमीटर छापलेले असतात. घाईत माप एका कडेवर घेतले जाते, कागदावर नुसता आकडा उतरतो आणि पुढे काम करणारा तो आकडा दुसऱ्या कडेवर शोधतो. वास्तविक या दोन पद्धतींमधले नाते अगदी नेमके आहे. १९५९ साली अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांनी यार्ड आणि पौंडाच्या व्याख्या एकसारख्या केल्या, आणि तेव्हापासून एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर. त्यामुळे गोंधळाचे खापर सूत्रावर फोडता येत नाही. आकडा लिहिण्याची आणि वाचण्याची आपली सवयच बहुतेक वेळा नडते.

इंचांना दशांश समजणे

ही चूक सर्वांत जास्त आढळते, म्हणून तिच्याकडे नीट पाहू. पाच फूट सहा इंच उंची ‘५.६’ अशी लिहिली जाते. पण फूट बारा इंचांचा असल्यामुळे ती ५.५ फूट, म्हणजे १६७.६ सेंटिमीटर भरते. ५.६ फूट म्हणजे मात्र १७०.७ सेंटिमीटर. पाच फूट दहा इंचांचे तर याहून वाईट होते. संगणकावरच्या तक्त्यात ‘५.१०’ लिहिले की शेवटचे शून्य गळून ‘५.१’ उरते, वाचणारा ते पाच फूट एक इंच असे वाचतो आणि माणूस तेवीस सेंटिमीटरने बुटका ठरतो. फूट आणि इंच यांच्यामध्ये टिंब कधीही देऊ नये. ‘५ फूट १० इंच’ असे पूर्ण लिहावे किंवा सरळ ७० इंच लिहावे.

भिंतीतल्या कोनाड्यात फळी बसवायची आहे असे समजा. कोनाड्याची रुंदी ४ फूट ७ इंच ३ सूत भरली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून तीन सूत म्हणजे ०.३७५ इंच, संपूर्ण माप ५५.३७५ इंच, अर्थात १४०.६५ सेंटिमीटर. हेच माप कोणी ‘४.७३ फूट’ असे लिहून बदलले, तर उत्तर १४४.२ सेंटिमीटर येते आणि कापलेली फळी कोनाड्यात शिरतच नाही. दुसऱ्या कोणी फुटाला तीस आणि इंचाला अडीच सेंटिमीटर धरून तोंडी हिशेब केला, तर १३८.४ सेंटिमीटर येतात आणि फळीशेजारी दोन सेंटिमीटरहून मोठी फट राहते. फळी लांब झाली तर पुन्हा कापता येते, आखूड झाली तर ती वाया जाते. म्हणून फूट, इंच आणि सूत यांचे आधी एकट्या इंचांत रूपांतर करावे, मगच २.५४ ने गुणावे आणि उत्तर अगदी शेवटी पूर्णांकात आणावे. याहून चांगला उपाय म्हणजे रूपांतर टाळणे: फळी मिलिमीटरमध्ये कापली जाणार असेल, तर कोनाडाही पट्टीच्या त्याच कडेने मोजावा.

क्षेत्रफळाला लांबीचा गुणक लावणे

एक मीटर म्हणजे ३.२८ फूट हे पाठ असते, म्हणून १४ चौरस मीटरच्या खोलीचे ४६ चौरस फूट केले जातात. खरे उत्तर सुमारे १५१ आहे, कारण गुणकाचाही वर्ग करावा लागतो आणि एक चौरस मीटर १०.७६ चौरस फुटांचा होतो. फरशी किंवा रंगाचा अंदाज इथेच कोसळतो.

तापमान आणि तापमानातला फरक

फॅरनहाइटचे सेल्सिअस करताना ३२ वजा करून उरलेल्याला ५/९ ने गुणतात. पण हे थर्मामीटरवरच्या वाचनाला लागू आहे, वाढ किंवा घट यांना नाही. अंगाचे तापमान ९८.६ वरून १००.४ अंश फॅरनहाइट झाले, तर १.८ अंशांची वाढ म्हणजे एक अंश सेल्सिअस. ती वाढ पूर्ण सूत्रातून काढली, तर उणे १६.८ असे निरर्थक उत्तर येते.

‘जवळपास सारखे’ नट, बोल्ट आणि नळ

एम ८ बोल्टचा व्यास ८ मिलिमीटर आणि ५/१६ इंची बोल्टचा ७.९४ मिलिमीटर, त्यामुळे हातात घेऊन फरक कळत नाही. आट्यांमधले अंतर मात्र पहिल्यात साधारणपणे १.२५ आणि दुसऱ्यात १.४१ मिलिमीटर असते. नट एक-दोन फेरे सहज फिरतो, मग अडतो, आणि जोर लावला की आटे मरतात. नट बोटांनी फिरेनासा झाला की पाना उचलू नये. आधी आटे जुळतात का ते तपासावे. पान्यांचेही तसेच आहे: १९ मिलिमीटर आणि पाऊण इंच यांत नगण्य फरक असल्याने ते एकमेकांना चालतात, पण अर्ध्या इंची नटावर १३ मिलिमीटरचा पाना लावल्यास तो घसरून नटाचे कोपरे झिजवतो.

नळाच्या बाबतीत तर ‘अर्धा इंच’ हे एक नावच समजावे. प्रमाणित अर्ध्या इंची आट्यांचा बाहेरचा व्यास सुमारे २१ मिलिमीटर भरतो, म्हणून पट्टी लावून मोजणारा माणूस खात्रीने पाऊण इंची भाग घेऊन येतो. जुना भाग काढून सोबत नेणे हाच इथला भरवशाचा उपाय आहे.

एकाच नावाची दोन मापे

गॅलन एक नाही. अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा आणि ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा आहे. गॅलनला ३० मैल धावणारी गाडी पहिल्या हिशेबाने लिटरला १२.८ किलोमीटर देते, दुसऱ्या हिशेबाने १०.६. माहिती कोणत्या देशातली आहे हे पाहिल्याशिवाय तुलना करू नये.

एककाशिवाय आकडा पुढे पाठवणे

२३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानाचे इंधन हवेतच संपले. विमानाला २२,३०० किलो इंधन हवे होते. पण लिटरचे वजन काढताना वापरलेला १.७७ हा आकडा लिटरमागे पौंडांचा होता, आणि उत्तर किलोत आले असे सर्वांनी धरले. प्रत्यक्षात गरजेच्या निम्म्याहून कमी इंधन घेऊन विमान निघाले. वैमानिकांनी ते इंजिनांविना तरंगत आणून गिमली येथील जुन्या हवाई तळावर उतरवले आणि सर्व ६९ जण वाचले. गणित अनेकांच्या नजरेखालून गेले होते, पण आकड्यासोबत एकक नव्हते.

घरात हाच धोका लहान मुलांच्या औषधाबाबत संभवतो, आणि तिथे चूक अजिबात परवडणारी नसते. ४४ पौंड वजनाचे मूल २० किलोचे असते. किलोमागे १५ मिलिग्रॅम मात्रा सांगितलेली असेल, तर त्याला ३०० मिलिग्रॅम द्यायचे असतात. ४४ हा आकडा किलो म्हणून धरला गेला, तर ६६० मिलिग्रॅम दिले जातात. डॉक्टरांना वजन सांगताना ‘किलो’ हा शब्द उच्चारावा आणि पातळ औषध चमच्याने न मोजता औषधाच्या सिरिंजने मिलिलिटरमध्येच मोजावे. डिजिटल वजनकाट्याचे एकक बदलणारे बटण बहुधा खालच्या बाजूला असते आणि काटा उचलताना ते नकळत दाबले जाते. मुलाला काट्यावर उभे करण्यापूर्वी आकड्याशेजारची बारीक अक्षरे पाहावीत.