दिव्यांग प्रमाणपत्र आणि निराधारचा पगार : या चुका टाळा

तहसील कचेरीसमोर 'यूडीआयडी कार्ड आणि निराधारचा पगार करून मिळेल' अशी पाटी हमखास दिसते. यूडीआयडी कार्ड म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आणि निराधारचा पगार म्हणजे संजय गांधी निराधार योजनेचे दरमहाचे पैसे. पोर्टल चालवता येत नसेल तर चार पैसे देऊन फॉर्म भरून घ्यावा, त्यात गैर काही नाही. गैर आहे ते फॉर्मवर एजंटाचा मोबाइल नंबर जाऊ देणं. ही चूक इतकी सर्रास होते की आता वैताग येतो.

यूडीआयडीचा अर्ज ज्या स्वावलंबन पोर्टलवर भरतात, त्यावरचे ओटीपी आणि मेसेज फॉर्मवरच्या नंबरलाच जातात. मग नेहमी घडतं ते असं : पायाला पोलिओ असलेल्या पोराचा अर्ज जातो आणि तपासणीचा मेसेज एजंटाच्या फोनवर पडून राहतो. त्याच्याकडे असे ढीगभर अर्ज, त्याला आठवण कुठली? घरचे सरकारच्या नावाने बोटं मोडतात, आणि तिकडे अर्जदार आलाच नाही म्हणून अर्ज तसाच पडलेला. शेवटी कोणीतरी जिल्हा रुग्णालयात चौकशी करतं, तर लॉगिनला ओटीपी हवा, आणि तो सांगायचे एजंट वेगळे पैसे मागतो. 2024 च्या सुधारित नियमांप्रमाणे अर्जदारामुळे दोन वर्षांहून जास्त रखडलेला अर्ज निष्क्रिय होतो. यूडीआयडीच्या अर्जाला शुल्क नाही, तरी असे हजारो रुपये जातात.

म्हणून 'सबमिट' दाबण्याआधी स्क्रीनवर आपला नंबर स्वतः वाचा. नाव आणि जन्मतारीख आधारशी अक्षरन् अक्षर जुळवा. पावतीची प्रिंट घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही. घरात फोनच नसेल तर भावाचा, मामाचा नंबर द्या. दुकानाचा कधीच नाही.

दुसरा घोळ टक्क्यांचा. दोन प्रकारचं अपंगत्व असलं की लोक सरळ बेरीज करतात आणि एजंटही मान डोलावतो. अपंगत्व तपासणारं वैद्यकीय बोर्ड तशी बेरीज करत नाही. मोठा आकडा आधी धरायचा. 90 मधून तो वजा करायचा. आलेल्या संख्येला लहान आकड्याने गुणून 90 ने भागायचं. आणि उत्तर मोठ्या आकड्यात मिळवायचं. पाय 25 टक्के आणि कान 18 टक्के असेल तर बेरीज 43 होते, पण बोर्डाच्या हिशेबाने 25 अधिक 13, म्हणजे 38. लाभाची रेषा 40 वर, गेला अर्ज! एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर 30 टक्केच धरतात. लोकांना हा अन्याय वाटतो, पण तक्ता तसाच आहे.

'38 चे 45 करून देतो' म्हणणाऱ्याच्या दुकानाची पायरीही चढू नका. दिव्यांग हक्क कायदा, 2016 च्या कलम 91 खाली खोटेपणाने लाभ घेतल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. अडकतो तो कार्डावर ज्याचं नाव आहे तो. ज्यांना 'लवकर' हवं असतं तेच या गळाला लागतात.

बाकीच्या चुका थोडक्यात. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50,000 आहे. 21,000 ची अट सांगून कोणी परत पाठवलं तर निमूट घरी येऊ नका. कानाच्या तपासणीला जुना रिपोर्ट नेऊन भागत नाही, ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, ताजी लागते. तात्पुरत्या प्रमाणपत्राची मुदत संपायच्या तीन महिने आधी नव्या तपासणीचा अर्ज टाका. हयातीचा दाखला दरवर्षी.

पैसे मंजूर होऊनही येत नसतील तर आधी बँक पाहा. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांना महिना 2,500 रुपये आहेत आणि ते डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट बँक खात्यात येतात. खात्याला आधार 'जोडलेलं' असणं आणि डीबीटीसाठी सीडिंग (सरकारी पैसे याच खात्यात यावेत अशी आधारवर नोंद) झालेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी. पैसा शेवटी सीडिंग झालेल्या खात्यात जातो, मग ते कधीकाळी मोबाइलवर उघडून विसरलेलं खातं का असेना. मायआधार पोर्टलवर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहा, आणि मगच तलाठ्याशी भांडा.

प्रमाणपत्राचा अर्ज फेटाळला तर कारण लेखी मागा. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 59 खाली अपील करता येतं, मुदत 90 दिवस. खिडकीवरच्या 'बसत नाही' या तोंडी उत्तरावर अपील होत नाही.