जेटबोटीचे इंजिन तापत असेल तर या चुका टाळा

जेटबोटीचे, म्हणजे पंपाने पाण्याचा झोत मागे फेकून पळणाऱ्या बोटीचे, इंजिन तापले की बहुतेक जण थेट पाना हातात घेतात आणि पहिली चूक तिथेच होते. तापमानाचा काटा नेमका केव्हा चढला, हे आधी लक्षात घ्यायला हवे. धक्क्याला पर्यटक चढत-उतरत असताना, इंजिन मंद गतीवर फिरत असताना तो चढला, की पूर्ण वेगात असताना, की वेग अगदी सुरळीत असूनही हळूहळू चढत गेला, यावरच दोष कोणत्या भागात शोधायचा हे ठरते. हे न पाहता थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी झडप), सेन्सर आणि पाइप एकामागून एक बदलत गेले तर पैसे जातात आणि दोष जागेवरच राहतो.

नाशिकमध्ये मोटारगाड्यांची कामे उत्तम जाणणारे कारागीर सातपूर-अंबड भागात सहज मिळतात, पण मोटारीचे नियम जेटबोटीला तसेच्या तसे लावणे धोक्याचे आहे. मोटारीत रेडिएटर आणि पंखा असतो, तर बोटीत उष्णता बाहेर नेण्याचे काम बाहेरून आत घेतलेले पाणी करते. बोटीच्या तळाच्या जाळीतून पाणी पंपात येते, इम्पेलर (पंपातले फिरते पात्यांचे चाक) ते मागच्या नोझलमधून जोराने फेकतो आणि बऱ्याच जेटबोटींमध्ये याच पंपाच्या दाबाखालील पाण्याचा एक छोटा प्रवाह इंजिन व एक्झॉस्ट थंड करण्यासाठी वळवलेला असतो. काही बोटींत इंजिनाच्या आत कूलंट (थंडाव्याचे द्रव) स्वतंत्रपणे फिरते आणि बाहेरचे पाणी हीट एक्स्चेंजरमधून त्याची उष्णता काढून घेते, तर काहींत बाहेरचे पाणी ओढण्यासाठी रबरी पात्यांचा वेगळा पंप असतो. आपल्या बोटीत यांपैकी कोणती रचना आहे, हे पुस्तिकेतून समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीही करू नये.

ज्या बोटींत थंडाव्याचे पाणी जेट पंपातूनच येते, तिथे एक खूण फार उपयोगी पडते. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) वाढतो, पण बोट त्या प्रमाणात पळत नाही, धक्के बसतात आणि मग काटा चढतो, अशी स्थिती असेल तर दोष पंपात किंवा त्याच्या तोंडाशी आहे: जाळीत काहीतरी अडकलेले असते, इम्पेलरच्या कडा खाल्लेल्या असतात किंवा त्याभोवतीचे कडे, म्हणजे वेअर रिंग, झिजून फट वाढलेली असते. याउलट आरपीएम आणि वेग नेहमीसारखेच असूनही तापमान वाढत असेल तर पंप आपले काम करतो आहे, आणि अडथळा त्याच्या पुढे, म्हणजे गाळणी, होज पाइप, हीट एक्स्चेंजर, थर्मोस्टॅट किंवा एक्झॉस्टच्या पाणीमार्गात शोधावा. फक्त मंद गतीवर तापणाऱ्या इंजिनात पंपाचा दाबच मुळात कमी असतो, त्यामुळे अर्धवट तुंबलेला मार्ग तिथे आधी उघडा पडतो.

आपल्याकडे जाळी तुंबण्याची कारणे ठरलेली आहेत: पाणवेल, गवत, प्लास्टिकच्या पिशव्या, निर्माल्य आणि दोरीचे तुकडे. उन्हाळ्यात जलाशय उतरतो आणि काठावरचा मऊ गाळ उघडा पडतो, तेव्हा त्यात वाळू-चिखलाची भर पडते. बिल हॅमिल्टन यांनी १९५०च्या दशकात न्यूझीलंडच्या उथळ, खडकाळ नद्यांसाठी जेटबोट विकसित केली, म्हणून ती कितीही कमी पाण्यात चालते असा समज रूढ झाला. बोट पाण्यावर उचलून धावत असताना तो बराचसा खरा आहे, परंतु काठाजवळ उभ्या बोटीचे इंजिन सुरू केले की पंप तळाचा गाळ सरळ आत ओढतो. तो गाळ थंडाव्याच्या अरुंद वाटांमध्ये बसतो आणि वेअर रिंगही खरवडतो. बोट ढकलत किमान ९० सेंटिमीटर पाण्यात न्यावी आणि मगच इंजिन सुरू करावे. ही सवय एवढी साधी आहे आणि तिच्याकडे एवढे दुर्लक्ष होते, की धक्क्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाला ती पहिल्याच दिवशी शिकवली पाहिजे असे मला वाटते.

थर्मोस्टॅट काढून टाकून बोट चालवणे हा मोटारीच्या गॅरेजमधून आलेला उपाय आहे. त्यामुळे इंजिन पुरेसे गरम होत नाही, पेट्रोल तेलात उतरते, आणि काही रचनांमध्ये पाणी घाईने सोप्या वाटेने निघून गेल्यामुळे एखादा भाग अधिकच तापतो. थर्मोस्टॅटची शंका असेल तर तो भांड्यातील पाण्यात टांगून पाणी तापवावे आणि त्यावर कोरलेल्या तापमानाला तो उघडतो का ते थर्मामीटरने पाहावे. बाहेरचे पाणी थेट इंजिनात फिरवणाऱ्या बोटींचा थर्मोस्टॅट बहुधा ६० अंश सेल्सिअसच्या आसपास उघडतो, तर कूलंटवर चालणाऱ्यांचा त्याहून बऱ्याच वर, त्यामुळे दुकानात मिळेल तो बसवून चालत नाही.

काट्यावरही आंधळा विश्वास नको. अर्थिंगची तार सैल असली तरी तो खोटे दाखवतो. थर्मोस्टॅटच्या बाहेरच्या आवरणावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरून खात्री करावी, मात्र कोरोनाच्या काळात घरोघरी आलेली बंदूक इथे चालणार नाही, कारण ती शरीराच्या तापमानापुरतीच मोजते. व्ही आकाराच्या इंजिनात दोन्ही बाजूंची तुलना करावी, कारण एकच बाजू तापत असेल तर दोष त्याच बाजूच्या पाणीमार्गात असतो.

बाहेरचे पाणी ओढणारा वेगळा पंप असलेल्या बोटींत त्याचा रबरी इम्पेलर कोरडा फिरला तर काही क्षणांत जळतो. त्याची पाती तुटलेली आढळली तर नवा इम्पेलर बसवून थांबू नये, कारण तुटलेले तुकडे पाण्याबरोबर पुढे जाऊन हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी बसतात आणि ते काढेपर्यंत इंजिन तापतच राहते.

इंजिन आतून धुताना होणारी चूक सर्वांत महाग पडते. बहुतेक जेटबोटींमध्ये आधी इंजिन सुरू करायचे, मग लगेच नळ सोडायचा, आणि शेवटी आधी नळ बंद करून मग इंजिन बंद करायचे असते. बंद इंजिनात नळ चालू राहिला तर पाणी बाहेर फेकणारा एक्झॉस्टचा दाब नसतो, त्यामुळे ते साचून सिलिंडरमध्ये शिरते, आणि पाणी दाबले जात नसल्याने पुढच्या स्टार्टला पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. रचना वेगळी असल्यास क्रमही वेगळा असू शकतो, तेव्हा पुस्तिकेतील क्रमच पाळावा.

भर पाण्यात अलार्म वाजला तर थ्रॉटल कमी करावा, पण थ्रॉटल सोडताच जेटबोटीचे वळणही जवळजवळ संपते हे लक्षात ठेवून आधी मोकळ्या पाण्याकडे तोंड करावे आणि मग इंजिन बंद करून नांगर टाकावा. किल्ली व सुरक्षा दोरी (जी निघताच इंजिन बंद पडते) काढून स्वतःजवळ ठेवल्याशिवाय जाळीत किंवा पंपाच्या सफाईच्या झडपेत हात घालू नये. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतल्यास ॲल्युमिनियमचे हेड तडकू शकते. कूलंटचे झाकणही गरम असताना उघडू नये, कारण नाशिकच्या सुमारे ६०० मीटर उंचीवर साधे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते, आणि झाकण सैल होऊन दाब सुटताच आतले तापलेले कूलंट उसळून चेहऱ्यावर येते. जाळी मोकळी करून, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर तेलाची कांडी काढून पाहावी, आणि तेल दुधाळ दिसले, म्हणजे त्यात पाणी मिसळले असेल, तर पुन्हा स्टार्ट न मारता बोट ओढत धक्क्याला आणावी.